रातपाळीचा रकाना

काळघाट खाणीच्या दफनभूमीची वही
मुळात दफनाची नव्हतीच.
कंपनीचा एक हजेरीपट उरला होता कोरा,
तोच कुणीतरी टेकडीवर धाडला.
म्हणून प्रत्येक मेलेल्या माणसापुढं छापील रकाने आहेत:
दिवसपाळी. रातपाळी. टोपल्या. मजुरी.

कारकुनाला खाडाखोडीचा कंटाळा असावा.
त्यानं सगळ्यांना रातपाळीत मांडलं,
टोपल्यांपुढं रेघ मारली
आणि मजुरीखाली लिहिला खड्ड्याचा खर्च:
चार आणे, उन्हाळ्यात सहा.
उन्हाळ्यात इथली जमीन सब्बल परत फेकते.

नातेवाइकांच्या सहीच्या जागी अंगठे आहेत.
शाई लागलीच नसेल,
हात आधीच काळे.

मला तुमसरहून पाठवलंय नोंदी उतरवायला.
मँगनीजचा पट्टा पुढं सरकलाय म्हणे,
तो नेमका यांच्या खालून जातो.
आधी यादी, मग नोटीस, मग मशीन.
पंचायतीच्या खोलीत संगणक आहे,
वीज सकाळी अकरापर्यंत.

४१. मनटोरा, बिलासपूरकडची. ताप.
४२. मनटोराची पोर. नाव ठेवलं नव्हतं.
७७. लिंगय्या. दरड.
७८, ७९, ८०. वरीलप्रमाणे.
१३१ पासून अक्षर बदलतं, डावीकडं कलतं.
१३१ म्हणजे आधीचा कारकूनच,
डॅनियल साळवे, कावीळ.
त्यालाही रातपाळीतच घातलंय.

२१२. एक पाय, डावा. बिसाहूचा.
मजुरी: दोन आणे.

संगणक विचारतो, मृताचं वय?
मी पायाचं वय सव्वीस लिहिलं.
लिंग? कारण?
लाल चांदणी असलेला चौकोन रिकामा सोडला
तर तो पुढं जाऊच देत नाही.
लिहिलं: रुळावरचा डबा.
वहीत तसं काहीच नव्हतं.

आणि मग, अठ्ठ्याहत्तर पानांनंतर:
३८९. बिसाहू. बाकीचा.

मधे एकतीस वर्षं.
एकतीस वर्षं हा माणूस दुसऱ्यांना पोचवायला
या टेकडीवर चढत राहिला असेल,
कुबडी टेकत, आपल्याच मातीला वळसा घालून.
लोकांनी त्याला पुढं व्हायला सांगितलं असेल का,
की तो मुद्दामच मागं रेंगाळायचा?

बुधराम पंधरेच्या आज्यानं खणलेत यातले अर्धे.
बुधरामला वाचता येत नाही,
पण मी आकडा म्हटला की तो हात करतो.
"बेचारीस? मोहाखाली हाय जी.
मायच्या कुशीत नाई, पायथ्याशी. जागा नोती."
"आणि बिसाहू?"
"कोनता? पाय का बाकीचा?"
मग तो चालून दाखवतो, अनवाणी, खाली न बघता.
"मधात चवदा पावलं."
थोडं थांबून:
"हालवतानी दोगायले एकाच खड्ड्यात टाकाल का जी?"

हे मी कुणाला विचारणार?
फॉर्मच्या तळाशी 'शेरा' म्हणून एक चौकोन आहे,
पन्नास अक्षरांचा.
मी त्यात लिहिलं:
२१२ व ३८९ एकच. सोबत ठेवावे.

यंत्रानं क्षणभर विचार केल्यासारखं केलं
आणि पाटी आली:
नोंद दुबार आहे. एक हटवायची का?

हो आणि नाही, दोन्ही बटणं सारख्याच रंगाची.
माझं बोट तिथं पोचायच्या आत अकरा वाजले,
पंखा मंदावत गेला.
वही उघडीच होती, शेवटच्या पानांवर
६१३ ते ६४० असे आकडे आधीच घालून ठेवलेले,
पुढं कुणी नाही.

बाहेर उन्हात बुधराम
पुन्हा एकदा पावलं मोजत होता.
या खेपेला तेराच भरली.
त्यानं मागं वळून बघितलं,
पुन्हा मोजली नाहीत.

"जवर येऊन रायले जी," म्हणाला.